गुडघ्याची सोनोग्राफी: काय दिसतं, काय दिसत नाही

"चार ग्लास पाणी पिऊन आलेय, लघवी रोखून धरलीय," असं सांगत गुडघा दुखणाऱ्या एखाद्या मावशी तपासणीच्या टेबलावर चढायला लागतात, तेव्हा मला त्यांना आधी बाथरूमला पाठवावं लागतं. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याकडे पोटच आठवतं. पोटातलं बाळ, मुतखडा, पित्ताशयातले खडे. गुडघ्याचीही सोनोग्राफी होते हे बहुतेकांना डॉक्टरांनी चिठ्ठी हातात दिल्यावरच कळतं. त्यामुळे आधीच सांगून टाकते: या तपासणीला उपाशी राहावं लागत नाही, पाणी प्यावं लागत नाही, इंजेक्शन नाही, किरणोत्सर्ग नाही. पंधरा-वीस मिनिटं पाय मोकळा करून झोपायचं, एवढंच.

मी रेडिऑलॉजिस्ट आहे, तालुक्याच्या गावात काम करते. गुडघेदुखीचे पेशंट माझ्याकडे येतात तेव्हा त्यांच्या तोंडी ठरलेली चार वाक्यं असतात. "गुडघ्यातलं वंगण संपलंय." "गॅप कमी झालाय." "गादी झिजलीय." "गुडघ्यात पाणी झालंय." ही चार वाक्यं लोक एकाच अर्थानं वापरतात, पण त्या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या चारही सोनोग्राफीत सारख्या दिसत नाहीत. पाणी सोनोग्राफीत फार छान दिसतं. गादीची फक्त बाहेरची कड दिसते. गॅप, म्हणजे दोन हाडांमधली जागा, बघायचा असेल तर उभं राहून काढलेला एक्स-रेच हवा. आणि वंगण संपल्याचं दाखवणारी कुठलीच तपासणी नाही, कारण वंगण संपतच नाही. निरोगी गुडघ्यात जेमतेम चमचाभर, म्हणजे चार मिलीलिटरच्या आसपास द्रव असतो. झिजलेल्या गुडघ्यात तो अनेकदा वाढतो, फक्त पातळ होतो आणि त्याचा चिकटपणा कमी होतो. "वंगण संपलं" म्हणून आलेल्या माणसाच्या गुडघ्यात पाणी वाढलेलं मी नेहमी बघते.

आता हे दिसतं कसं ते बघू. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण 20 हजार कंपनांपर्यंतचा आवाज ऐकू येतो. गुडघ्यासाठी जो सपाट तोंडाचा प्रोब, म्हणजे कातडीवर फिरवायचा मशीनचा हातात धरायचा भाग, आम्ही वापरतो तो सेकंदाला सव्वा कोटीच्या आसपास कंपनं करणारा आवाज सोडतो. पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी 1880 मध्ये दाखवून दिलं होतं की काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज तयार होते. उलट बाजूनं, वीज दिली की ते थरथरतात. प्रोबच्या तोंडाशी असेच बारीक तुकडे बसवलेले असतात. ते थरथरून आवाज सोडतात, मग गप्प होऊन परत येणारा प्रतिध्वनी ऐकतात. शरीराच्या मऊ भागांतून आवाज सेकंदाला सुमारे 1540 मीटर जातो, म्हणजे दोन सेंटिमीटर खोलवरच्या एखाद्या पडद्यावर आपटून तो सेकंदाच्या 38 हजाराव्या भागात परत येतो. मशीन हा वेळ मोजतं, त्यावरून खोली काढतं आणि तिथे एक ठिपका उमटवतं. अशा हजारो ठिपक्यांचं चित्र सेकंदाला कितीतरी वेळा नव्यानं तयार होत राहतं, म्हणून पडद्यावर गुडघा हलताना दिसतो.

पोटासाठीचा प्रोब वेगळा असतो, गोलसर तोंडाचा. त्याचा आवाज जाड, खोलवर जाणारा. गुडघ्याचा प्रोब बारीक आवाजाचा. तो फार खोल जात नाही, पण कातडीखालच्या तीन-चार सेंटिमीटरमध्ये फार बारकावे दाखवतो. त्याच्या लाटेची लांबी मिलिमीटरच्या सातव्या-आठव्या भागाएवढी असते. म्हणून वरवरच्या टेंडनमधले तंतू सोनोग्राफीत इतके स्वच्छ दिसतात की नेहमीच्या एमआरआयमध्येही तेवढे दिसत नाहीत. टेंडन म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी. सोनोग्राफीत ती खरंच दोरीसारखी दिसते, एकाला एक लागून असलेले चमकदार धागे.

थंडगार जेल का लावतात, हाही नेहमीचा प्रश्न. प्रोब आणि कातडी यांच्यामध्ये हवेचा पातळ थर जरी राहिला तरी आवाज तिथूनच परत फिरतो, आत जात नाही. जेल ती हवा काढून टाकतं. हाडाचंही तसंच. हाडाच्या पृष्ठभागावरून बराचसा आवाज परत येतो, उरलेला हाडातच विरतो, त्यामुळे पडद्यावर एक लख्ख पांढरी रेघ दिसते आणि तिच्याखाली काळोख. हाडाच्या आत काय चाललंय ते सोनोग्राफीला कळत नाही. या एका गोष्टीत या तपासणीच्या बहुतेक मर्यादा आल्या.

तपासणी मी समोरून सुरू करते. गुडघ्याखाली उशी ठेवून पाय थोडा वाकवलेला. वाटीच्या वर मांडीच्या स्नायूची जाड दोरी, तिच्या मागे सांध्याची एक पिशवी. गुडघ्यात पाणी वाढलं की ते आधी इथं साठतं. पडद्यावर ते काळं दिसतं, कारण स्वच्छ द्रवातून आवाज कुठेही न आपटता पुढे जातो. पाणी कमी असेल तर मी सांगते, "मांडी आवळा." स्नायू आवळला की इकडे तिकडे पसरलेलं पाणी दाबलं जाऊन या पिशवीत येतं आणि मघाशी नसलेली काळी फट डोळ्यांसमोर उघडते. हाताने दाबून जे पाणी लागत नाही तेही असं सापडतं. मात्र ते पाणी कशाचं आहे हे रंगावरून सांगता येत नाही. झिजेचं, वाताचं, जंतूंचं, रक्त, सगळं पडद्यावर काळं किंवा करडंच. ताप आहे, गुडघा लाल आणि गरम झालाय, पाय टेकवत नाही, अशा वेळी सोनोग्राफीनं पाणी आहे एवढं कळतं, पण ते सुईनं काढून लॅबमध्ये पाठवल्याशिवाय सांध्यात पू झालाय की नाही ते ठरत नाही. अशा गुडघ्याला उद्यापर्यंत थांबवू नये. जंतू काही दिवसांत सांध्याची कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, खाऊन टाकतात.

पडल्यावर लगेच सुजलेल्या गुडघ्यात कधी कधी एक वेगळीच गोष्ट दिसते. पेशंट थोडा वेळ न हलता पडून राहिला की पाण्याचे थर लागतात, खाली रक्त आणि वर तेलासारखी चरबी. ही चरबी हाडाच्या आतल्या मगजातून आलेली असते. म्हणजे सोनोग्राफीला हाडाच्या आतलं दिसत नसलं तरी हाड सांध्याच्या आत कुठेतरी मोडलंय याचा पुरावा समोर तरंगत असतो. असं दिसलं की लगेच एक्स-रे, आणि बहुधा सीटी.

वाटीच्या खाली नडगीकडे जाणारी दोरी हे तरुण मुलांच्या दुखण्याचं ठिकाण. आमच्या भागात पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं फार. पहाटे डांबरी रस्त्यावर 1600 मीटरचा सराव करतात, कित्येक जण झिजलेल्या बुटांत. वाटीच्या टोकाशी बोट दाबलं की कळवळतात. सोनोग्राफीत दोरी त्या जागी जाड झालेली, तंतू विस्कटलेले, रंगीत डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी मशीनमधली सोय, लावला की एरवी नसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या आत शिरलेल्या. या मुलांना मी जीव तोडून सांगते की यावर सुई मारून घेऊ नका. स्टेरॉइडमुळे दोरी आणखी कमजोर होते. फिजिओथेरपिस्टकडून हळूहळू वजन वाढवत नेणारे व्यायाम शिकून घ्या. त्याला आठवडे नाही, महिने लागतात. भरतीची तारीख महिन्यावर आलेल्या मुलाला हे ऐकवत नाही, ते मला कळतं. तरीही सांगावंच लागतं.

याच दोरीनं मला शिकत असताना चांगलाच धडा दिला. एका मुलाच्या टेंडनमध्ये मला काळा भाग दिसला आणि मी दोरी फाटल्याचं लिहायला घेतलं. माझ्या मॅडमनी माझ्या हातातला प्रोब नुसता दोन-चार अंश तिरका केला. काळं गेलं, पांढरे धागे परत उजळले. टेंडनवर आवाज काटकोनात पडला तरच तो सरळ परत येतो. जरा तिरका पडला की दुसरीकडे निघून जातो आणि चांगलं टेंडन फाटल्यासारखं काळं दिसतं. म्हणून खरी फाट आहे असं म्हणण्याआधी प्रोब झुलवून बघावा लागतो, आणि दुसरा गुडघाही बघावा लागतो. सोनोग्राफी करणाऱ्याच्या हातावर इतकं अवलंबून असते ते यामुळे. एमआरआयची फिल्म दुसऱ्या डॉक्टरांना दाखवून परत वाचता येते. सोनोग्राफीचा छापलेला फोटो म्हणजे हलत्या तपासणीतला एक गोठवलेला क्षण, तो बघून दुसऱ्याला फारसं काही सांगता येत नाही.

आतल्या बाजूला, म्हणजे दोन्ही गुडघे एकमेकांना टेकतात त्या बाजूला, एक रुंद लिगामेंट, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा, आणि त्याच्या खाली मेनिस्कसची कड असते. मेनिस्कस म्हणजेच लोक म्हणतात ती गादी. मांडीचं हाड आणि नडगीचं हाड यांच्यामध्ये चंद्रकोरीच्या आकाराच्या अशा दोन गाद्या असतात. सोनोग्राफीत तिचा बाहेरचा तिकोनी भाग दिसतो, आतला भाग हाडाच्या सावलीत जातो. झिजलेल्या गुडघ्यात गादी सांध्याच्या ओळीतून बाहेर सरकते, तीन मिलिमीटरच्या वर सरकली तर आम्ही ते रिपोर्टमध्ये लिहितो. उभं राहून तपासलं की ती आणखी बाहेर येताना दिसते, आणि हे एमआरआयच्या नळीत झोपलेल्या माणसात बघता येत नाही. पण गादी आत फाटली आहे का, याचं उत्तर सोनोग्राफीवर विसंबून देऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आणि आता गुडघ्याची मागची बाजू, लवण. इथं मी जरा जास्त वेळ घालवते.

काही वर्षांपूर्वी पासष्टीच्या एक आजी आल्या. उजवी पोटरी दोन दिवसांपासून टम्म सुजलेली, तुकतुकीत, हात लावू देत नव्हत्या. चिठ्ठीवर पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी आहे का, अशी शंका. ती शंका अगदी योग्य होती. शिरेतली गुठळी सुटून फुप्फुसात गेली तर माणूस जातो. मी लवणीत प्रोब ठेवला. दोन काळी वर्तुळं दिसली, एक धडधडणारं, ती धमनी, आणि एक शांत, ती शीर. मग प्रोबनं हलकेच दाबलं. चांगली शीर दाबली की ओल्या फडक्यासारखी चपटी होऊन मिटते. गुठळी असेल तर मिटत नाही. आजींची शीर मांडीपासून घोट्यापर्यंत सगळीकडे मिटली.

मग विचारलं, "आजी, गुडघ्यामागे कधी गाठ होती का?"

"होती की. लिंबाएवढी होती, वर्षभर होती. परवा चुलीपुढनं उठताना काहीतरी फुटल्यागत झालं आणि कोमट पाणी पोटरीत उतरल्यागत वाटलं. गाठ गेली म्हणून मी म्हटलं बरं झालं."

प्रोब जरा आतल्या बाजूला सरकवला आणि ती दिसली. पोटरीचा आतला स्नायू आणि मांडीमागून येणारी एक दोरी यांच्या बरोबर मधून वर आलेली निमुळती मान, आणि तिथून खाली पोटरीच्या स्नायूवर पसरलेलं काळं पाणी. बेकर सिस्ट, फुटलेली. गुडघ्यात पाणी वाढलं की ते मागच्या एका फटीतून या पिशवीत ढकललं जातं. ही फट एकाच बाजूनं उघडणाऱ्या झडपेसारखी वागते, पाणी जातं पण सहज परत येत नाही. पिशवी फुगत जाते आणि एखाद्या दिवशी फुटते. मग पोटरी गुठळी झाल्यासारखीच दिसते, बाहेरून फरक करणं अवघड. आजींना रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू झाल्या असत्या तर पोटरीत रक्त साकळून दुखणं वाढलं असतं. एक मात्र सांगायला हवं, सिस्ट आणि गुठळी दोन्ही एकाच पायात असू शकतात. म्हणून सिस्ट सापडली तरी शीर वरपासून खालपर्यंत दाबून बघितल्याशिवाय तपासणी पूर्ण होत नाही.

लंडनचे शल्यचिकित्सक विल्यम मॉरंट बेकर यांनी 1877 मध्ये या गाठीचा गुडघ्याच्या आजाराशी असलेला संबंध मांडला, म्हणून तिला त्यांचं नाव. डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्स यांनी 1840 मध्येच असं काही वर्णन केलं होतं, पण नाव बेकर यांचं राहिलं. आणि गंमत वाटावी अशी गोष्ट म्हणजे गुडघ्याच्या सोनोग्राफीची सुरुवात याच प्रश्नापासून झाली. 1972 मध्ये मॅकडोनाल्ड आणि लिओपोल्ड यांनी ब्रिटिश जर्नल ऑफ रेडिऑलॉजीत दाखवलं की बेकर सिस्ट आणि शिरेचा दाह यांतला फरक सोनोग्राफीनं ओळखता येतो. तेव्हाच्या मशीनवर चित्र आजच्या मानानं फार ओबडधोबड यायचं. तरी एक काळी पिशवी ओळखायला ते पुरेसं होतं. आज पन्नास वर्षांनंतर माझ्या खोलीत तोच प्रश्न महिन्यातून दोन-तीनदा येतो.

लवणीतली प्रत्येक गाठ बेकर सिस्ट नसते, हेही लिहून ठेवते. कधी ती फुगलेली धमनी असते. गाठीवर रंगीत डॉपलर लावला की आत रक्त फिरताना दिसतं. अशा गाठीत पाणी समजून सुई घातली तर अनर्थ होईल. म्हणून गुडघ्यामागच्या गाठीतलं "पाणी काढून टाकू" असं कोणी सोनोग्राफीशिवाय म्हणालं, तर थांबा आणि आधी तपासणी करून घ्या.

डॉपलरचा दुसरा मोठा उपयोग सांध्याच्या अस्तरासाठी. अस्तर सुजून जाड झालंय आणि त्यात रक्तप्रवाह वाढलाय असं दिसलं, तर नुसती झीज नसून दाह चालू आहे असं समजतं. आमवात असलेल्यांमध्ये औषध लागू पडतंय का हे यावरून बघता येतं. चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने सांधे धरलेले लोक आपल्याकडे 2006 च्या साथीनंतर खूप दिसले, 2024 मध्ये पुणे-नागपूरकडे पुन्हा. ताप गेला, रक्त तपासणी ठीक आली, तरी गुडघा सुजलेला. घरचे म्हणतात, "मनाचं आहे." पडद्यावर अस्तर लाल-केशरी ठिपक्यांनी भरलेलं दिसतं तेव्हा ते दुखणं मनाचं नाही हे घरच्यांना दाखवता येतं, आणि मी पडदा त्यांच्याकडे वळवून ते दाखवतेच.

युरिक ॲसिडचा वातही असाच पकडता येतो. कूर्चा सोनोग्राफीत काळ्या पट्ट्यासारखी दिसते, खाली हाडाची पांढरी रेघ. युरिक ॲसिडचे कण कूर्चेच्या वरच्या बाजूला बसतात, त्यामुळे काळ्या पट्ट्याच्या वरही एक पांढरी रेघ उमटते. खाली एक, वर एक, जणू लुगड्याला दुहेरी किनार. 2015 मध्ये अमेरिका आणि युरोपच्या संधिवात संघटनांनी मिळून या आजाराचे जे निकष ठरवले त्यात सोनोग्राफीतल्या या दुहेरी रेघेला जागा दिली. दुसऱ्या एका आजारात कॅल्शियमचे कण कूर्चेच्या पोटात बसतात, तिथं ठिपके आत दिसतात. एवढ्याशा फरकावरून औषध बदलतं.

मग एमआरआय कशाला लागतो? कबड्डीत पाय जमिनीवर रोवलेला असताना गुडघा पिळला, "टक" असा आवाज आला, तासाभरात गुडघा सुजला आणि आता चालताना तो निसटतो, असं सांगणाऱ्या खेळाडूला सोनोग्राफीसाठी पाठवण्यात अर्थ नाही. त्याच्या गुडघ्याच्या मधोमध असलेलं पुढचं लिगामेंट तुटलं असण्याची शक्यता असते. ते दोन हाडांच्या आड, खोल आहे. तिथं एमआरआयच हवा. हाडाच्या आतली सूज, वाटीच्या मागची कूर्चा, वजन पेलणाऱ्या भागातली कूर्चा, हेही सोनोग्राफीला दिसत नाही किंवा अर्धवट दिसतं. "सोनोग्राफी नॉर्मल आहे, म्हणजे गुडघ्यात काही नाही," हा निष्कर्ष चुकीचा आहे. त्याउलट गुडघा बदललेल्या माणसात धातूमुळे एमआरआयचं चित्र विस्कटतं, तिथं आजूबाजूचं पाणी आणि दोऱ्या सोनोग्राफीत बऱ्यापैकी दिसतात. आणि पन्नाशीपुढच्या साध्या गुडघेदुखीला बहुतेक वेळा पहिली तपासणी म्हणून उभं राहून काढलेला एक्स-रे पुरतो. झोपवून काढलेल्या एक्स-रेत अंगाचं वजन गुडघ्यावर नसतं, त्यामुळे गॅप आहे त्यापेक्षा मोठा दिसतो. एक्स-रे काढताना हे आवर्जून सांगा.

चित्रात दिसलेली प्रत्येक गोष्ट दुखण्याचं कारण असतेच असं नाही, आणि मला पेशंटपर्यंत सगळ्यात जास्त पोहोचवावंसं वाटतं ते हेच. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात 50 ते 90 वर्षांच्या 991 लोकांचे एमआरआय काढले होते, 2008 मध्ये त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ज्यांच्या गुडघ्याची गादी फाटलेली किंवा खराब झालेली दिसली त्यांतल्या 61 टक्के लोकांना आदल्या महिन्यात गुडघ्याचा काहीही त्रास नव्हता. म्हणजे रिपोर्टमध्ये "टेअर" हा शब्द आला म्हणून घाबरून ऑपरेशनची तारीख घेण्याआधी, तो टेअर आणि आपलं दुखणं यांची जागा, वेळ आणि प्रकार जुळतो का हे आपल्याला हातानं तपासणाऱ्या डॉक्टरांना विचारायला हवं.

इथंच आपल्याकडची एक अडचण येते. युरोपात संधिवाताचे किंवा खेळाडूंचे डॉक्टर स्वतःच्याच टेबलाशेजारी सोनोग्राफी मशीन ठेवून, गुडघा हातानं तपासता तपासता लगेच आतही बघतात. आपल्याकडे मुलींच्या गर्भातच होणाऱ्या हत्या थांबवण्यासाठी महाराष्ट्रानं 1988 मध्ये देशात पहिल्यांदा कायदा केला, 1994 मध्ये केंद्राचा कायदा आला, 2003 मध्ये तो आणखी कडक झाला. गर्भाचं लिंग दाखवू शकेल अशा प्रत्येक मशीनची नोंदणी लागते आणि ते मनाला येईल तिथं नेता येत नाही. त्या कायद्याची गरज मी रोज बघते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यामुळे हाडांच्या डॉक्टरांकडून पेशंट सोनोग्राफी सेंटरला येतो, "येथे गर्भलिंग निदान केले जात नाही" या पाटीखाली गुडघा धरून बसतो, आणि गुडघा तपासणारा हात एक, प्रोब धरणारा हात दुसरा, अशी फारकत होते. मधला दुवा म्हणजे ती चिठ्ठी. चिठ्ठीवर नुसतं "उजव्या गुडघ्याची सोनोग्राफी" असेल तर मी सगळा गुडघा बघते, सगळं लिहिते, आणि तरी मूळ प्रश्न हुकू शकतो. "तीन महिने गुडघ्यामागे गाठ, बेकर सिस्ट आहे का" किंवा "वाटीखाली धावताना दुखतं" एवढी एक ओळ असेल तर मला नेमकं कुठं आणि कसं बघायचं ते कळतं. चिठ्ठी घेताना डॉक्टरांना विचारा, "यात नेमकं काय बघायचंय?" आणि ते लिहून घ्या.

सोनोग्राफीचा आणखी एक उपयोग म्हणजे सुईला वाट दाखवणं. पाणी काढायचं असेल किंवा सांध्यात औषध सोडायचं असेल, तर पडद्यावर सुईचं टोक चमकताना दिसतं. अंदाजानं मारलेली सुई कधी सांध्याबाहेरच्या चरबीत राहते. पडद्यावर बघत घातलेली सुई नेमकी जागेवर पोहोचण्याची शक्यता जास्त. पण सुई बरोबर जागी पोहोचली म्हणजे ते औषध पुन्हा पुन्हा घ्यावं असं होत नाही. 2017 मध्ये बोस्टनच्या टफ्ट्स मेडिकल सेंटरमधल्या डॉक्टरांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. झीज असलेले, आणि सोनोग्राफीत अस्तराला सूज दिसलेले 140 लोक. दोन वर्षं दर 12 आठवड्यांनी निम्म्यांच्या गुडघ्यात स्टेरॉइड, निम्म्यांच्या गुडघ्यात नुसतं मिठाचं पाणी. दोन वर्षांनी दुखण्यात दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता, स्टेरॉइडवाल्यांची कूर्चा मात्र जास्त झिजली होती. एखाद्या लग्नकार्याच्या आधी सुजलेल्या गुडघ्याला एक इंजेक्शन देऊन काही आठवडे आराम मिळतो, त्याला माझी हरकत नाही. दर तीन महिन्यांनी नेमानं घेणारे लोक भेटतात तेव्हा मात्र मला फार वाईट वाटतं.

रिपोर्टमधल्या शब्दांचंही थोडं. "मिनिमल इफ्यूजन" म्हणजे किंचित पाणी, चाळिशीपुढे ते दिसलं तर एवढ्यावरून घाबरू नये. "ऑस्टिओफाइट" म्हणजे कडेला वाढलेला हाडाचा कोंब, लोक ज्याला "हाड वाढलंय" म्हणतात तेच. तो झिजेची खूण आहे, तो कापून काढण्यासाठी म्हणून ऑपरेशन करत नाहीत. "सायनोव्हायटिस", म्हणजे सांध्याच्या अस्तराचा दाह, असं लिहिलं असेल तर ते मात्र डॉक्टरांना दाखवून त्याचं कारण शोधायला हवं, विशेषतः सकाळी उठल्यावर गुडघा तासभर आखडत असेल आणि हाताची बोटंही सुजत असतील तर.

तपासणीला येताना गुडघ्याच्या बऱ्याच वरपर्यंत सरकेल असा सैल पायजमा किंवा हाफ पँट घाला, साडी असेल तर प्रश्नच नाही. आधी लावलेलं तेल, बाम, लेप पुसून या. जुने एक्स-रे सोबत आणा, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर सांगा, पूर्वी गुडघ्यात सुई मारली असेल तर कधी तेही सांगा. आणि टेबलावर झोपल्यावर मी विचारते, "कुठं दुखतं?" तेव्हा बहुतेक जण पूर्ण पंजा गुडघ्यावर फिरवून "सगळाच" म्हणतात. घरी जिना उतरून, खाली बसून, उठून बघा आणि जिथं कळ येते ती जागा लक्षात ठेवा. मग एका बोटानं दाखवा. मी प्रोब त्या बोटाखाली ठेवते, पाय वाकवायला सांगते आणि तुम्ही "हां, आत्ता" म्हणाल त्या क्षणी पडद्यावर काय हललं ते बघते.